एकोणीस वर्षांचे नमुने

मास्टरीणबाईंचा जुना कॉम्प्युटर गेला तो न सांगता-सवरता, ऐन कामाच्या धबडग्यात. शिवणकारखान्यांना कपड्यांचे नमुने आखून देणं हा त्यांचा व्यवसाय. बाही कुठे वळवायची, गळा किती खोल घ्यायचा, सगळं आधी स्क्रीनवर आखायचं, मग कागदावर छापायचं आणि त्या कागदावरून कारखान्यात कापड बेतलं जायचं. एकोणीस वर्षांचं काम त्या खोक्यात होतं. दुसरी प्रत कुठेही नव्हती. ‘काढू, काढू’ म्हणत राहून गेली होती.

दुरुस्तीवाल्याने खोकं उघडून मान हलवली. “मदरबोर्ड जळालाय, बाई. डिस्क वाचली असेलही. पण दुसऱ्या मशीनला लावल्याशिवाय छातीठोक सांगता यायचं नाही.”

त्या दिवसापासून बाईंच्या तोंडची चवच गेली. पण हातपाय गाळून बसणं स्वभावात नव्हतं. शिलाई मशीन सुटं करून पुन्हा बसवणारीला हे काय जड आहे, म्हणत त्यांनी सुटे भाग आणले आणि नवा कॉम्प्युटर स्वतःच जुळवायला घेतला. स्क्रीन आणि डिस्क जोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, तोच सकाळी सकाळी मोठ्या नणंदबाई दारात उभ्या.

“भाऊ म्हणाला, तू चार दिवस धड जेवली नाहीस. म्हटलं, बघून यावं.”

नणंदबाईंची हयात औषधांच्या दुकानात गेलेली. बारीक अक्षर वाचल्याशिवाय त्या घोटभर पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. मदरबोर्डबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्यांनी उचलली, चष्मा चढवला आणि खुर्ची ओढून पहिल्या पानापासून सुरुवात केली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. आजच कशाला आल्या या!

नवी डिस्क म्हणजे बोटाएवढी पातळ पट्टी. तिचा तिळाएवढा स्क्रू हातातून निसटून फरशीवर पडला. टाचण्या गोळा करायच्या लोहचुंबकाने बाईंनी तो हुडकला आणि श्वास रोखून पट्टी बोर्डावर बसवली. जुनी डिस्क मुद्दामच बाजूला ठेवली. कॉम्प्युटर चालवणारी नवी यंत्रणा चुकून तिच्यावर चढली तर होतं नव्हतं ते सगळं पुसलं जायचं.

कटिंगच्या टेबलावर स्क्रीन ठेवून त्यांनी बटण दाबलं. आत पंखे फिरू लागले. स्क्रीन मात्र काळाठिक्कर. कोपऱ्यात दोनच शब्द, ‘सिग्नल नाही’.

“स्क्रीनची वायर खालच्या आडव्या ग्राफिक्स कार्डात लावायची, असं लिहिलंय,” नणंदबाई पुस्तिकेतून डोकं वर न काढता म्हणाल्या. “तू वर लावलीस.”

बाईंनी वायर बदलली आणि स्क्रीन लख्ख उजळला.

दुपारपर्यंत नवी यंत्रणा नव्या पट्टीवर चढून झाली. बाईंनी मशीन बंद केलं, जुनी डिस्क जोडली, पुन्हा सुरू केलं. यादीत एकच डिस्क दिसत होती, नवी. त्यांनी वायर काढून घट्ट बसवली. दुसरी वायर लावून पाहिली. तरी तेच. त्यांनी वायर हातातून सोडून दिली.

“गेली, ताई. सगळं गेलं.”

 नणंदबाई पानं उलटत राहिल्या, एका जागी थांबल्या आणि बोट टेकवून म्हणाल्या, “अगं, इकडे ये. ही पट्टी बसवली, की बोर्डावरची डिस्कच्या वायरींची पाचवी आणि सहावी जागा आपोआप बंद होते. तू कितव्या जागी लावलीयेस?”

“सहाव्या.”

“का?”

“तिथून वायर सुबक दिसत होती.”

“घ्या! शिंपिणीची जात, आतून दिसायलाही नीटनेटकं हवं!”

बाईंनी वायर दुसऱ्या जागी लावली. मशीन सुरू झालं. यादीत नव्या डिस्कखाली जुनीचं नाव उमटलं. आत एकोणीस फोल्डर, वर्षावार, जसेच्या तसे. त्यांनी पहिलं उघडलं. शाळेच्या गणवेशाचा झगा, अगदी पहिल्या कारखान्यासाठी आखलेला. गळ्याची रेषा किंचित वाकडी होती. तेव्हा हात बसला नव्हता.

“आहे,” त्या म्हणाल्या. “आहे, ताई, सगळं आहे.” आणि त्यांनी नणंदेच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

“बरं बरं,” नणंदबाई अवघडून म्हणाल्या, पण पाठीवरचा हात त्यांनी काढला नाही.

मग गळ्यातली टेप काढून बाईंनी ती थेट स्क्रीनला लावली. तिथे आखलेला दहा सेंटिमीटरचा चौकोन टेपवर बारा भरत होता. सेटिंग खालीवर करता करता तो बरोब्बर दहा झाला, तेव्हा कुठे त्यांना स्क्रीन आपला वाटला. सगळे नमुने नव्या डिस्कवर उतरवले, आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि तो नणंदेच्या हातात ठेवला.

“हा तुमच्या कपाटात राहू दे. माझ्यावर माझा भरवसा नाही.”

नणंदबाईंनी तो पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून चेन ओढली. “आता जेवायला वाढ. मलाही आणि तुलाही.”

बाई त्या दिवशी तीनदा भात वाढून घेऊन जेवल्या आणि भर दिवसा, भांडी तशीच टाकून, गाढ झोपल्या.