माझा गंज पुसू नका

मित्रांनो, मी जुना नाही. मला जुने केले आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

मी तळहातात मावणारा प्लॅस्टिकचा मालडबा आहे. अमेरिकेतल्या मालगाडीच्या बंद डब्याची हुबेहूब नक्कल. कारखान्यातून निघालो तेव्हा मी तपकिरी आणि चकचकीत होतो, अंगावर पांढरी इंग्रजी अक्षरे होती. माझे मालक भिकाजी गोव्याच्या सीमेजवळ, घाटातल्या धो धो पावसाच्या कॅसलरॉकला राहतात. त्यांनी तीस वर्षे रेल्वेत मालगाड्यांचे डबे तपासले. त्यांचा मुलगा संदीप अमेरिकेत नोकरी करतो. त्यानेच मला खोक्यात घालून वडिलांकडे पाठवले.

भिकाजींनी मला उलटासुलटा करून पाहिले.

"ह्यो डबा कधी पावसात उभाच ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले.

आणि कामाला लागले. एका गंजक्या पत्र्यावरचा गंज खरवडून त्यांनी त्याची पूड केली. खडू कुटले. पातळ केलेला रंग बारीक कुंचल्याने माझ्या शिडीखाली, खिळ्यांखाली ओघळवला. माझे छप्पर उन्हाने विटल्यासारखे फिके केले. चाकांच्या बाजू काळपट रंगवल्या, पण रुळाला टेकणारी कडा घासून लखलखीत ठेवली, कारण चालत्या डब्याचे चाक तिथे गंजत नाही. या सगळ्याला तीन महिने लागले. डोळे शिणले की ते थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसायचे.

मग बेळगावला छोट्या रेल्वेगाड्यांचे प्रदर्शन भरले. भिकाजी आणि त्यांच्या पत्नी शकुंतला मला पिशवीत घालून घेऊन गेले. तिथे लांबलचक टेबलावर रूळ मांडले होते आणि नवेकोरे डबे ऐटीत फिरत होते. व्यवस्था पाहणाऱ्या महेशने मला ठेवून घेतले. दोघे चहाला गेले.

तेवढ्यात महेशने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझ्या दरवाजावर फिरवला. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. माझा दरवाजा कोरा होत गेला आणि त्यावरचे कितीतरी दिवसांचे काम त्या बोळ्यावर उतरले.

भिकाजी परतले आणि जागीच थबकले.

"कुणी केलं हे?"

"मीच, काका. फार घाण झाला होता. म्हटलं, पाहुण्यांसमोर जरा बरा दिसेल."

"घाण? बाबा, तीस वर्सं डोळ्यांनी बघितलेला गंज रंगवला हुता मी त्यावर!"

महेशचा चेहरा पडला. "मला खरंच कळलं नाही, काका. पण अमेरिकेतला डबा असा असतो का?"

"गंज काय पासपोर्ट बघून चढतोय व्हय?"

त्यांनी पिशवीतून रंगाची डबी आणि कुंचला काढला, पण रागाच्या भरात पहिलाच फटकारा वाकडा गेला. शकुंतलाबाईंनी कुंचला त्यांच्या हातातून काढून घेतला.

"अगं, तुला कुठं येतंय हे?" भिकाजी म्हणाले, पण बाई सरळ खुर्ची ओढून बसल्या.

"तीस वर्सं तुमच्या कापडांवरचा गंज मी धुतलाय," त्या म्हणाल्या. "कडंला गडद, मधी फिका. मला नको शिकवूसा."

त्यांनी आयुष्यात कधी कुंचला धरला नव्हता. लोक भोवती जमले. एकेक थेंब टेकवत, पदराच्या टोकाने टिपत त्यांनी माझा दरवाजा पुन्हा गंजवला. आधीपेक्षा थोडा वेगळा झाला. भिकाजी वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्यापरास खरा झालाय."

महेशने मला अदबीने उचलले आणि गाडीच्या अगदी शेवटी जोडू लागला.

"मागं न्हाई," शकुंतलाबाई म्हणाल्या. "इंजिनाच्या पाठोपाठ लाव."

त्याने मला इंजिनाला जोडले. त्या दिवशी मी सगळ्या चकचकीत डब्यांना मागे ओढत फिरलो, आणि टेबलाभोवतीची माणसे वाकून वाकून माझ्याकडेच पाहत होती.

मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या. धूळ मऊ कुंचल्याने झटका, चाके साफ ठेवा, आम्हाला उन्हात टाकू नका. पण एखाद्या गोष्टीवरचा डाग पुसण्याआधी विचारा, तो कोणी, किती दिवस बसून रंगवला आहे. मला चकचकीत व्हायचे नाही. मी असाच धावणार.