गार इंजिन

मास्तरांची डिझेल गाडी महिनाभरात चौथ्यांदा आमच्या गॅरेजात आली आणि चौथ्यांदा एका फटक्यात सुरू झाली.

"इथे आली की शहाण्यासारखी वागते," मास्तर वैतागले. "घरी दहा-बारा वेळा किल्ली मारावी लागते."

"इथवर येईपर्यंत इंजिन तापतं ना," बाबा म्हणाले. "ग्लो प्लगचा दोष गार इंजिनातच सापडतो. उद्या सकाळी पोरगी येईल तुमच्याकडे."

मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पाच महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. "न्यायला या, मग येते," असं त्या फोनवर म्हणत. मास्तर गाडीचं रडगाणं सांगत. काकूंना ते निमित्त वाटे. आता त्या फोनही लवकर ठेवत.

सकाळी सातला मी मास्तरांच्या दारात बॉनेट उघडलं. ग्लो प्लग म्हणजे सिलिंडरमधली हवा तापवणारी बोटाएवढी कांडी. थंडीत तिच्याशिवाय डिझेल पेटायला कां-कूं करतं. चारही कांड्यांचा रोध मीटरने मोजला. पाऊण ओहमच्या आसपास, सगळ्या ठणठणीत. कांड्यांना वीज सोडणारा रिले टक्‌ वाजला. साडेअकरा व्होल्ट पोचत होते. तपासायचं काही उरलंच नाही.

"काका, रोज करता तसं सुरू करा बघू."

मास्तर बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन घरघरलं, पांढरा धूर आला, संपलं.

"दिवा विझेपर्यंत थांबला नाहीत?"

"कुठला दिवा?"

मी डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळा दाखवला. कांड्या तापल्या की तो विझतो.

"हा होय! मला वाटलं, शोभेचा आहे."

"अहो, अकरा वर्षं गाडी सुरू कशी होत होती मग?"

मास्तर विचारात पडले. "बातम्या ऐकायला किल्ली अर्धी फिरवून बसायचो. तुझी काकू कुलूप लावायची, ओढून बघायची, गॅस बंद केलाय का बघायला परत आत जायची. मी हॉर्न वाजवायचो. मग ती येऊन बसायची, मला चार शब्द सुनवायची, की मी निघायचो." त्यांनी किल्लीकडे पाहिलं. "आता कशाला थांबू?"

"किल्ली अर्धी फिरवा," मी म्हटलं. "दिवा विझू दे."

पिवळा वेटोळा लागला. मास्तर शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. दिवा विझला तेही त्यांना कळलं नाही. मी सांगितल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागलं.

मी बॉनेट लावते तोच त्यांनी गियर टाकला.

"अहो काका, पायात सपाता आहेत!"

"असू देत. घराचं दार ओढून घे. आणि काकूला फोन कर. म्हणावं, निघालेत."

"काय बिघडलं होतं विचारलं तर?"

"ते मी समोर सांगेन," मास्तर म्हणाले. मागच्या सीटवर राहिलेला माझा मीटर घेऊन ते गेलेसुद्धा.