सतरा नंबरच्या घरातली मुलगी

सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळवायला काय काय लागतं, हे त्या विभागात प्राध्यापकांपेक्षा हेडक्लार्कलाच जास्त पाठ होतं. साथरोगशास्त्राचे दोन पेपर, निम्म्या वर्गाला हमखास दोनदा द्यावा लागणारा संख्याशास्त्राचा पेपर, आरोग्यकायदा, पोषण, आणि शेवटच्या वर्षी क्षेत्रकार्य, म्हणजे नेमून दिलेल्या गल्लीतल्या चाळीस घरांचं स्वतः जाऊन केलेलं सर्वेक्षण. हे सगळं झालं की कार्यपुस्तिकेवर हेडक्लार्कचा शिक्का बसायचा आणि पदवीचा मार्ग मोकळा व्हायचा. मुलं त्यांना शिक्केकाका म्हणत, आणि काकांनाही ते आवडायचं.

आता, नागरिकहो, खरं सांगायचं तर ही चाळीस घरं कुणी फिरत नसे! सहा वर्षांपूर्वी एक मुलगी मुदतीच्या आदल्या दिवशी काकांच्या टेबलासमोर ढसाढसा रडली होती. परीक्षा आणि क्षेत्रकार्य एकाच आठवड्यात आलं होतं. काकांना दया आली. त्यांनी कपाटातून एका मेहनती विद्यार्थ्याचे जुने फॉर्म काढले आणि म्हणाले, "यावरून उतरवून काढ, बाळ." पुढच्या वर्षी दोघं आली, त्याच्या पुढच्या वर्षी अख्खा वर्ग. मग काकांनी सरळ झेरॉक्स काढून गठ्ठेच करून ठेवले. कुणाकडून एक चहासुद्धा घेतला नाही, हो! फार भला माणूस. पण आपल्या समाजातल्या कितीतरी चुकीच्या गोष्टी अशा भल्या माणसांनीच चालू ठेवलेल्या असतात.

यंदा त्यांची स्वतःची लेक शेवटच्या वर्षाला होती. शुक्रवारी सकाळी काकांनी नाश्त्याच्या टेबलावर तिच्यापुढे गठ्ठा ठेवला.

"सोमवारी शेवटची तारीख. दोन दिवसांत उतरवून होईल."

लेकीच्या हातात गेल्या वर्षीच्या एका मैत्रिणीचे फॉर्म होतेच. तिनं दोन्ही शेजारी ठेवले, पानं उलटली आणि एकदम हसायला लागली.

"बाबा, ही सतरा नंबरच्या घरातली मुलगी वाढत कशी नाही हो? गेल्या वर्षीही दोन वर्षांची, गठ्ठ्यातही दोन वर्षांची!"

"कागदावर कुणी वाढतं का? तू आपली लिही."

काकांची थोरली बहीण तिथंच चहा पीत बसली होती. आयुष्यभर नर्स म्हणून वॉर्डात राबलेली बाई. वहिनी गेल्यापासून भावाकडेच राहत होती. तिनं कप खाली ठेवला.

"किती वर्षं दोन वर्षांची आहे रे ती?"

काकांनी मनात हिशेब केला. मग वर्तमानपत्र उगाचच उलटं धरलं.

"आत्या," लेक म्हणाली, "उद्या येतेस माझ्याबरोबर? मी घरं फिरणार आहे. खरीखुरी."

"अगं, वेडी का तू! चाळीस घरं दोन दिवसांत होणार आहेत का?" काका उखडले. "पहिल्या तारखेला लसीकरण केंद्रात रुजू व्हायचंय तुला. पदवी नाही तर नोकरी नाही, हे पत्रात लिहून दिलंय त्यांनी!"

"वाचलंय मी ते पत्र," लेक म्हणाली आणि गठ्ठा बाजूला सारून वहीवर रेघा मारायला बसली.

शनिवारी दुपारी दोघी परतल्या त्या घामानं थबथबून. पंधरा घरं झाली होती. लेकीनं चपला काढायच्या आधी मोबाईल काकांच्या हातात दिला. त्यात एका अर्जाचा फोटो होता. गल्लीतल्या लोकांनी पाणीखात्याकडे केलेला अर्ज: नळाला गढूळ पाणी येतं, घरोघर कावीळ आहे, जलवाहिनी तपासा. अर्जावर खात्यानं शेरा मारला होता. 'विद्यापीठाच्या वार्षिक सर्वेक्षणानुसार सदर गल्लीतील पाणी स्वच्छ आहे. तपासणीची आवश्यकता नाही.' खाली संदर्भ म्हणून एका पत्राचा जावक क्रमांक होता.

तो क्रमांक काकांनी ओळखला. दर वर्षी सर्वेक्षणाचा गोषवारा खात्याला तेच तर पाठवत होते!

"तीन वर्षांत तीन अर्ज केलेत त्यांनी," लेक म्हणाली. "तिन्हीवर हेच उत्तर. बाबा, त्या गल्लीत या घडीला अकरा माणसं काविळीनं आजारी आहेत. सतरा नंबरची मुलगीसुद्धा."

"पण मला काय ठाऊक, खातं ते कागद खरंच वाचतं म्हणून!" काका कसनुसे झाले. "माझ्या हातात काय आहे? सगळेच करतात. पोरांवर किती ओझं असतं, ताई, तू बघत नाहीस."

"बघते ना. मीही पोरवयातच वॉर्डात उभी राहिले," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण काका ताठ बसले. "ताप न मोजताच तक्त्यावर आकडा लिहिणारी मुलगी असायची एखादी. तिला आम्ही आळशी नव्हतो म्हणत, धोकादायक म्हणायचो. कारण डॉक्टर त्या आकड्यावर औषध ठरवायचे. तुला वाटतं, ही चाळीस घरांची अट पोरांना छळायला घातलीय? अरे, ती अट त्या घरांसाठी आहे! वर्षातून एकदा तरी शिकलेलं माणूस दारात येऊन विचारील, बाई, पाणी कसं येतं? ते एक दार तू दयेपोटी बंद केलंस."

"मग लेकीची नोकरी घालवू का मी?"

"माझी नोकरी मी बघेन," लेक म्हणाली. "जितकी घरं होतील तितकीच लिहिणार, एकही जास्त नाही. नापास करायचं तर करा!"

रविवारी सकाळी काका कुणाला न सांगता बाहेर पडले. गल्ली विभागापासून वीस मिनिटांवर होती. सहा वर्षं तिच्याबद्दल लिहून पाठवलं होतं, पण पाऊल पहिल्यांदाच टाकत होते. सतरा नंबरच्या दारात एक बाई शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती. काकांना धाप लागलेली पाहून तिनं मुकाट्यानं पेल्यात पाणी आणलं आणि मग स्वतःच हात मागे घेतला.

"नका पिऊ. आम्हाला इलाज नाही म्हणून पितो. उकळून घ्यायचं म्हटलं तरी दर वेळी जमत नाही." पेल्याच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता. "तुम्ही पाणीखात्याचे का?"

"नाही. मी विद्यापीठातला."

बाईचं यंत्र थांबलं. "म्हणजे आमचं पाणी स्वच्छ आहे असं लिहिणारे ते तुम्हीच!"

आतल्या खाटेवर एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. ती काकांकडे बघून म्हणाली, "काका, ती कालची ताई म्हणाली, तुमच्याकडे मी अजून दोन वर्षांची आहे. मी तर आठ वर्षांची आहे. तिसरीत जाते. बरी झाले की जाईन."

काकांनी मान खाली घातली. भर दिवसा, भर गल्लीत त्या माणसाला रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

सोमवारी विभागाच्या खिडकीसमोर रांग लागली. एकतीस पुस्तिका. काकांनी सगळ्यांत आधी लेकीची उघडली. आतापर्यंत सव्वीस घरं झाली होती. "अट चाळीसची आहे," असं म्हणून त्यांनी ती परत केली. लेकीनं ती शांतपणे घेतली. मग त्यांनी उरलेल्या तीस उघडल्या. प्रत्येकीत सतरा नंबरच्या घरात दोन वर्षांची मुलगी, प्रत्येकीत पाणी स्वच्छ. शिक्का ड्रॉवरमध्ये गेला आणि ड्रॉवरला कुलूप लागलं.

एकच गलका झाला. "काका, गठ्ठा तुम्हीच दिला होतात!"

"मीच दिला. चूक माझी आहे, म्हणून मीच परत घेतोय."

आरडाओरडा ऐकून विभागप्रमुख मॅडम बाहेर आल्या. "काका, हा काय पोरखेळ लावलाय? अख्ख्या वर्गाचा निकाल अडेल!"

"अडू दे, मॅडम."

"तुमच्या मुलीचाही अडेल!"

"तिची पुस्तिका सगळ्यांत आधी परत केलीय."

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? वरून विचारणा झाली तर मी काही तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"वाचवू नका, मॅडम," काका म्हणाले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्या व्हरांड्यात घुमला. "पण आजपासून न पाहिलेल्या घरावर मी शिक्का मारणार नाही! पाणीखात्याला पत्र लिहिलंय, आमची सहा वर्षांची सर्वेक्षणं खोटी आहेत म्हणून. खाली माझी सही आहे. तुमची हवी असेल तर जागा ठेवलीय."

मॅडमनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. सही काही केली नाही, पण पत्र फाडलंही नाही. ते काकांच्या टेबलावर परत ठेवून म्हणाल्या, "क्षेत्रकार्याला सहा आठवड्यांची मुदतवाढ. सूचना फलकावर लावा."

लेकीनं दप्तर खांद्याला अडकवलं. "माझी चौदा घरं राहिलीत. कुणाला यायचंय?"

आधी कुणी हललं नाही. मग सहा वर्षांच्या रिवाजाला शिव्या घालत चौघं निघाली, आणि आठवडाभरात सगळा वर्ग त्या गल्लीत दिसू लागला. पत्र पोचल्यावर पंधरा दिवसांनी खात्यानं गल्ली खणली. जलवाहिनी गटारातूनच गेलेली निघाली, सांधा कुजलेला. लेकीची नोकरी मात्र दुसऱ्या कुणाला मिळाली. नवी मिळायला आठ महिने लागले, आणि तेवढे महिने घरात काटकसर झाली. हे लपवण्यात अर्थ नाही. खरं वागलं की लगेच पेढे वाटायला मिळतात, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

काकांना 'कारणे दाखवा' नोटीस आली. तीस विद्यार्थ्यांच्या पुस्तिकांवर शिक्का का नाकारला, याचा सात दिवसांत खुलासा करावा. त्यांनी त्याच दिवशी एका ओळीत खुलासा दिला: 'कारण गेली सहा वर्षं मी तो नाकारला नाही.'

मित्रांनो, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या खिडकीमागे बसलेले असतो. समोरच्याची अडचण बघून, भिडेखातर किंवा नुसत्या सवयीनं, न पाहिलेल्या गोष्टीवर सही करतो आणि स्वतःला दयाळू समजतो. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला एक घर असतं आणि त्या घरात माणसं असतात. तुमच्या टेबलावरही आज असा एखादा कागद असेल. सही करण्याआधी उठा, आणि त्यातलं निदान एक दार ठोठावून या!