मंगळवारची बिनपाण्याची

डॉक्टर नेलिदा पांदुरो यांच्या तोंडून कुणाविषयी चांगला शब्द निघालेला इकितोस शहरात कुणी ऐकला नव्हता. कौतुक केलं की माणूस शेफारतो, हे बाईंचं ठाम मत. पोटची पोर नर्सिंगला पहिली आली तेव्हा सगळ्यांसमोर बाई एवढंच म्हणाल्या, "केस तरी विंचरून यायचंस." पोरगी आता लिमाला असते आणि नाताळालाही फिरकत नाही. असो.

बाईंचं काम म्हटलं तर सोपं होतं. शहरातल्या कचेरीत पंख्याखाली बसायचं आणि नदीच्या वरच्या अंगाला जंगलात जी चार आरोग्य ठाणी आहेत, तिथल्या नव्या नर्सना पडद्यावरून काम करताना बघायचं. चुकलं की सांगायचं. दर मंगळवारी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण खोटं कशाला बोला, बाईंच्या नजरेतून चूक सुटत नसे. त्या खुर्चीत बसून त्यांनी साप चावलेली माणसं वाचवली होती, अडलेल्या बाया सोडवल्या होत्या. फक्त वाचवता वाचवता समोरच्या नर्सची सालटी काढायची, हा त्यांचा रिवाज.

सांता एलोइसाच्या ठाण्यावरची दालिला मुरायारी सगळ्यात नवी. ठाणं म्हणजे फळ्यांची एक खोली. रुग्णांचं बाकडं तिथेच, टेबल तिथेच, पडदाही तिथेच. जनरेटरच्या धडधडाटात ऐकू यावं म्हणून स्पीकर मोठ्ठा केलेला, त्यामुळे बाई शहरात खाकरल्या तरी बाकड्यावरच्या म्हातारीला कळायचं. हळूहळू गावाला मंगळवारची चटक लागली. काही दुखत-खुपत नसलेली माणसंही भाजकी केळी हातात घेऊन दालिलाची बिनपाण्याची ऐकायला येऊन बसत. बाईंना पडद्यावर दालिला आणि तिच्यासमोरचा रुग्ण तेवढे दिसत, पण मागच्या बाकड्यावरचं हसू ऐकू येई. आणि हसू आलं की बाईंच्या जिभेला आणखी धार चढे, हेही खरं.

एका मंगळवारी दालिलाने एका म्हाताऱ्याचं बीपी घेतलं.

"थांब. पट्टा कशावर बांधलायस?"

"दंडावर, डॉक्टर."

"दंडावर नाही, सदऱ्यावर बांधलायस. माणसाचं मोजतेयस की सदऱ्याचं?"

मागे खसखस पिकली.

"बाबा बाही वर करू देईनात, डॉक्टर."

"उद्या बाबा म्हणाले हातच लावू नको, तर त्यांच्या कुत्र्याचं घेशील. ऐका रे गाववाल्यांनो, या पोरीने सांगितलेल्या आकड्यावर कोंबडीसुद्धा विकत घेऊ नका."

गावाला ते वाक्य महिनाभर पुरलं. बाईंचं म्हणणं मात्र सोळा आणे बरोबर होतं, सदऱ्यावरून बीपी घेत नाहीत. दालिला ते शिकली, आणि अशी शिकली की पुढे चारी ठाण्यांत तिच्याइतकं नीट कुणी मोजत नव्हतं. बाईंनी ते पाहिलं. बोलल्या नाहीत. चूक नसेल तेव्हा गप्प बसायचं, एवढंच त्यांच्याकडचं कौतुक.

मग मिलुस्का आली. पोरसवदा बाई, आठवा महिना, बरोबर सासू, एतेल्विना. डोकं दुखतंय, एवढीच तक्रार. दालिलाने बाही पार खांद्यापर्यंत सरकवली, पट्टा बांधला, दोन्ही दंडांवर मोजलं. पडद्याकडे वळली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"एकशेऐंशी, एकशेवीस. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणते. पाय सुजलेत."

नेलिदाबाई खुर्चीत ताठ झाल्या. आज ही होडीत बसली नाही तर हिला झटके येणार, आणि मग आईही हाती लागायची नाही आणि मूलही.

"इंजेक्शन दे आणि ताबडतोब होडीत घाल. इस्पितळाला मी कळवते."

"कुठली होडी?" एतेल्विना मागून म्हणाली. "पोर आपल्या पायांनी चालत आलीय. सकाळी माझ्याबरोबर युकाचे कंद सोलत होती."

"आकडा फार वाढलाय हो, एतेल्विनाबाई. ऐका माझं."

"तुझ्या आकड्यावर कोंबडीसुद्धा घेऊ नका, असं तुझीच डॉक्टरीण म्हणाली ना गं?"

बाकडं हसलं. मिलुस्कासुद्धा डोकं धरून हसली.

"आजी, आता मी सांगतेय," नेलिदाबाई म्हणाल्या. "तिला न्या."

एतेल्विना पुढे आली. पडद्यावर तिचा सुरकुतलेला, मुळीच मूर्ख नसलेला चेहरा दिसला. "डॉक्टरबाई, तुम्ही माझ्या सुनेला हात लावलेला नाही. तुम्हालाही आकडा हिनेच सांगितला. एवढ्या लांब नेऊन तिचं पोट फाडायचं, तर मला सरळ सांगा. या पोरीला मोजता येतं का?"

येतं, एवढाच शब्द हवा होता. तो खरा होता, आणि बाईंना ठाऊक होता. दालिला पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत अशी काही आशा होती की बाईंना ती बघवेना. त्यांना अवघडल्यासारखं झालं. अवघडलं की त्यांची जीभ तिच्या जुन्या वाटेने जाई.

"एवढी मोठी चूक करायलाही अक्कल लागते, आजी. ती हिच्यापाशी नाही. तेव्हा आकडा बरोबरच असणार."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. एतेल्विनाही हसली, बाहीने डोळे पुसले, इंजेक्शनही घेऊ न देता सुनेचा हात धरला आणि घरी निघाली. बाई ओरडल्या, धमक्या दिल्या, देवाची शपथ घातली. त्या जितक्या ओरडल्या तितके लोक हसले, मंगळवारच होता ना. दालिला मागोमाग धावली आणि एकटीच परत आली. दुसऱ्या दिवशी मिलुस्काला झटके आले. इंजिनाची पेके-पेके होडी गाव सोडते न सोडते तोच ती गेली, आणि पोटातलंही गेलं.

चौकशी शहरात झाली. टेबलाशी संचालक वेन्सेस्लाओसाहेब, शेजारी नेलिदाबाई, आणि भिंतीवरच्या पडद्यावर एकटी दालिला. नर्स कुटुंबाला पटवू शकली नाही, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते खोटंही नव्हतं. तरी त्यांना एकच धास्ती होती. आता पोरगी सगळं ओकणार आणि आपली खुर्ची जाणार.

"का गं, का नाही पटवलंस?" साहेबांनी विचारलं.

"माझी मलाच खात्री नव्हती, साहेब." दालिला शांतपणे म्हणाली. "असती तर मी तिला ओढत नेलं असतं. पण मला नीट मोजता येत नाही. डॉक्टर म्हणतात ते खरं आहे. माझ्या हाती कुणाचा जीव देऊ नका."

"मग हिला ठाण्यावरून काढू. तुमची काही हरकत, डॉक्टर?"

नेलिदाबाईंनी मान हलवली. हरकत नव्हती.

"आभारी आहे, डॉक्टर," दालिला म्हणाली. टोमणा नव्हता तो, पोरगी अगदी मनापासून बोलत होती. तिने पडदा बंद केला.

बाईंना आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली.