आनंदाबाईची वाट

चंद्रभान धापा टाकत बांधावर आला, तेव्हा पंचफुला तुरीच्या शेंगा तोडत होती.

"ताई, चाल. बंगल्यावर उतरलेल्या सायबाची माय गेली."

"कवा?"

"परवा. सायेब लय रडून राह्यले. तुमचं मरणाचं गाणं माह्या मायसाठी गायले सांग, म्हणून राह्यले."

चंद्रभान तिचा पाठचा भाऊ, धरणावरच्या बंगल्यात चौकीदार. जंगलाचं अभयारण्य झाल्यापासून दर रविवारी तिथे नागपूरच्या गाड्या येत. वाघ दिसला नाही, की पाहुणे गोंडांची वस्ती बघायला उतरत, विहिरीवरच्या पोरींचे फोटो काढत. पंचफुला अशा वेळी आतून कडी घाली. पण मयत झालेल्या घराला नाही कसं म्हणायचं?

तिने पदराच्या ओट्यातल्या शेंगा बांधावर ओतल्या, हातपाय धुतले.

"नाव काय बुढीचं?"

चंद्रभानने मान वळवली. "आनंदाबाई."

नावाशिवाय ते गाणं उभंच राहत नसे. गोंडीतल्या त्या ओळी गेलेल्या माणसाला हाक मारून पूर्वजांची वाट दाखवत. नदी कुठे ओलांडायची, कोणत्या झाडाखाली टेकायचं. एरवी वस्तीत ते कोणी गुणगुणतही नसे. पंचफुलाने ते नवऱ्यासाठी गायलं होतं, आणि अंगणात रांगणाऱ्या लेकासाठी.

बंगल्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी टेपरेकॉर्डर तिच्यापुढे सरकवला. शहरात असंच दुःख करत असतील, असं तिला वाटलं. जमिनीवर बसून तिने डोळे मिटले. आनंदाबाई, मागे वळून पाहू नको. आनंदाबाई, लेकरं खुशाल आहेत. मध्येच स्वतःचा लेक आठवला, आवाज फाटला. तरी तिने म्हातारीला पार पोचवूनच गाणं थांबवलं.

टाळ्या पडल्या.

तिने डोळे उघडले. पांढऱ्या केसांची एक बाई खुर्चीतून उठून स्वेटर सावरत तिच्याकडे येत होती.

"आनंदाबाई म्हणालीस ना? तेवढं कळलं मला. माझं नाव कुणी सांगितलं गं तुला? पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं का हे?"

पंचफुलाने चंद्रभानकडे पाहिलं. तो खुर्च्या उचलू लागला होता.

तिने बाईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मागं पाहा, बाई. माघारी या."

"येऊ की, पुढच्या हिवाळ्यात!" बाई हसली.

घरच्या वाटेवर चंद्रभानने तिला गाठलं.

"काऊन रागावली? खरं सांगतलं असतं तं आली असती काय तू? गाणंच तं होतं."

ती तशीच पुढे चालत राहिली. त्यानंतर बंगल्यावर गेली नाही. त्यानेही विचारलं नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. डोळे सुजलेले होते.

"ताई, काकी गेली."

दोघांना लहानाचं मोठं केलेली काकी. तिच्या अंगणात बाया जमल्या होत्या. पंचफुलाला पाहून त्यांनी जागा केली, रडणं आवरलं आणि तिने सुरुवात करायची वाट बघू लागल्या.

पंचफुला खाली वाकली. भावाच्या देखत तिने काकीच्या नाकाशी बोटं धरली. बराच वेळ धरली.

मग ती गायला बसली.