ब्रदर क्रॉलची बोलकी माती

"माती बोलते की नाही बोलत?" ब्रदर क्रॉलने हात वर करून विचारलं.

"बोलते!" टर्टल वॉशच्या माळावर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली सगळी म्हातारी मंडळी एका सुरात ओरडली.

समोर वेंडेल टटलची घरगाडी उभी होती. वेंडेलने आत रेडिओचं बटण दाबून पाहिलं, नुसती खरखर. मग ब्रदर क्रॉल पांढरी हॅट सावरत शिडीवरून छतावर चढला. त्याने पत्र्याची एक परात छतावर मांडली, ॲन्टेनाचं लोहचुंबकी बूड परातीच्या मधोमध चिकटवलं, भोवती आपल्याकडची विकतची तांबडी माती ओतली. परातीच्या काठाला एक चिमटा लावला. चिमट्याला तांब्याची पट्टी होती, तिचं दुसरं टोक खाली गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेलं. "पाप उतरायला वाट हवी ना!" असं म्हणून त्याने डोळे मिटले, ओठ पुटपुटले.

"आता बोल, वेंडेल!"

"कुणी कान लावलेत का?" वेंडेलने घाबरत विचारलं.

लांब हायवेवरून एका ट्रकवाल्याचा आवाज खणखणीत आला, "लावलेत आजोबा! अगदी शेजारी बसल्यासारखे ऐकू येताय!"

झालं! हॅलेलुयाचा नुसता गजर. कुणी रडतंय, कुणी क्रॉलचे हात हातात घेतंय. मागच्या रांगेत उभ्या ओपल हास्किन्सची मान मात्र लालबुंद झाली होती. नेब्रास्कातल्या शाळेत हयातभर पदार्थविज्ञान शिकवलेली बाई ती. पोरांची थापेबाजी तिने हसून सोडून दिली होती, पण हा बाप्या काही पोर नव्हता.

त्यातून पहिल्या रांगेत तिची धाकटी बहीण वर्ना बसली होती, काळ्या कपड्यांत.

या वाळवंटात मोबाईलचा मनोरा नाही. उत्तरेची थंडी टाळून हिवाळा काढायला आलेली ही म्हातारी पाखरं एकमेकांपासून लांब लांब गाड्या लावतात, आणि त्यांचा सगळा जीव छतावरच्या त्या ॲन्टेनाच्या दांडीत असतो. रुग्णवाहिकावाले नऊ नंबरच्या चॅनलवर कान लावून बसलेले असतात. मागच्या रविवारी वर्नाच्या नवऱ्याच्या, लॉईडच्या छातीत कळ आली. वर्नाने रेडिओचं बटण दाबून दाबून बोटं दुखवून घेतली. खरखरीशिवाय काही नाही. ती शेजाऱ्याच्या गाडीपर्यंत धावत जाऊन परतली, तोवर लॉईड गेलेला होता.

आणि दफनाच्या वेळी हा क्रॉल काय म्हणाला? "भगिनी, माती पवित्रच होती. कमी पडली ती तुमची श्रद्धा!" विधवेच्या तोंडावर, कबरीवरची माती ओली असताना! उद्याच्या सभेत वर्नाने हे पाप सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि प्रायश्चित्त म्हणून घरगाडी क्रॉलच्या मिशनला देऊन टाकायची, असं ठरलं होतं.

"तू वेडी आहेस का गं?" सभा संपल्यावर वर्नाच्या गाडीत शिरताच ओपल कडाडली.

"चूक माझीच आहे, ओपल. त्या शनिवारी आम्ही सभेला गेलोच नाही. लॉईड म्हणाला, आज पॅनकेक कर, देव काय पळून जातोय? आणि मी हसले. हसले गं मी!" वर्नाने पदराआड लपावं तसा हातरुमालात चेहरा लपवला. "संध्याकाळी ब्रदर स्वतः आले. छतावर जाऊन माती चाळवून गेले. म्हणाले, श्रद्धा डळमळली की माती मुकी होते. आणि दुसऱ्या दिवशी खरंच मुकी झाली."

"थांब, थांब. तो छतावर चढला होता?"

"आशीर्वाद द्यायला."

ओपल तडक शिडीकडे गेली. गुडघे कुरकुरले, पण चढली. परात जागच्या जागी, माती जागच्या जागी. काठावरचा चिमटाही जागेवर. तिने तो उघडला. आत, चिमट्याच्या दातांमध्ये, दुधाच्या कॅनचा असतो तसला प्लॅस्टिकचा तुकडा नीट दुमडून बसवलेला होता.

म्हणजे तांब्याची पट्टी परातीला टेकतच नव्हती. हरामखोर! खाली येऊन तुकडा दाखवला तर वर्ना म्हणाली, "तुझ्या तोंडून सैतान बोलतोय." म्हणजे आता चार माणसांत दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रविवारी क्रॉल गळा भरून आणून म्हणाला, "भगिनी वर्ना, उठा. मन मोकळं करा."

"तिला बसू दे. मी उठते," ओपल म्हणाली. "वेंडेल, तुमच्या छतावर जाऊ का?"

वेंडेल गोंधळला, पण "जा की" म्हणाला. ओपल वर गेली, ॲन्टेना उचलून बाजूला ठेवली आणि परात सरळ उपडी केली. तांबडी माती भसकन खाली आली, निम्मी क्रॉलच्या पांढऱ्या हॅटवर.

"पाखंड!" क्रॉल किंचाळला.

"ओरडू नका, घशात जाईल." ओपलने रिकामी परात पुन्हा मांडली, ॲन्टेना चिकटवली, चिमटा लावला. "बोला वेंडेल!"

"कुणी कान लावलेत का?"

"लावलेत! बोला!" हायवेवरून उत्तर आलं.

म्हाताऱ्या मंडळींनी माना उंचावून रिकामी परात पाहिली.

"ट्रकचं छप्पर लोखंडाचं असतं, म्हणून त्याच्यावर कुठलीही ॲन्टेना चालते," ओपल वरून म्हणाली. "आपल्या गाड्यांची छपरं फायबरची. आवाज दूर फेकायला ॲन्टेनाखाली धातू लागतो. त्यालाच रेडिओवाले ग्राउंड म्हणतात. तुम्ही ॲन्टेनाबरोबर आलेल्या कागदावर 'ग्राउंड हवं' वाचलंत आणि जमीन समजलात, अन् हा माणूस तुम्हाला जमीन विकत बसला! काम करते ती परात आणि ही पट्टी. तेही नको असेल, तर दुकानात जाऊन सांगा, गाडी फायबरची आहे. पत्र्याशिवाय चालणारी ॲन्टेना मिळते. शिडीला बांधा आणि सुखाने बोला. आता हे बघा."

तिने खिशातला तुकडा चिमट्यात घातला. वेंडेलने हाका मारल्या. खरखर. तुकडा काढला. "आजोबा, मध्येच कुठं गेला होतात?" ट्रकवाला विचारत होता.

"हा तुकडा मला लॉईडच्या छतावर सापडला. काय हो ब्रदर, वाऱ्याने आणून, दुमडून, चिमट्यात बसवला वाटतं?"

"ही... ही श्रद्धेची परीक्षा..."

"अहो, माझाही रेडिओ तुम्ही वर चढून गेल्यावरच मुका झाला होता!" हॅटी पिंकनी खुर्चीतून उठली. "आणि मी गुडघे टेकून माफी मागत बसले!" दोघं जण तिच्या गाडीकडे पळाले. परतले तेव्हा एकाच्या हातात तसाच तुकडा होता.

क्रॉल आपल्या मोटारीकडे सरकू लागला. वेंडेलने आपला पिकअप तिच्यापुढे आडवा लावला, मग रेडिओवरून शेरीफला बोलावलं. मातीशिवाय.

ओपल खाली उतरली तेव्हा वर्ना तिची वाट पाहत उभी होती. तिने बहिणीचं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे मी हसले म्हणून नाही?"

"नाही गं बाई. तू हसलीस, लॉईड पॅनकेक खाऊन खूश झाला. एवढंच झालं."

वर्ना तेव्हा कुठे रडली. मोठ्याने, लाज न बाळगता, नवरा गेलेल्या बाईने रडावं तशी. मग नाक पुसून वेंडेलच्या गाडीत शिरली आणि तिने रेडिओ हातात घेतला. सभेला न आलेल्या लांबलांबच्या गाड्यांतही तिचा आवाज गेला.

"मी वर्ना बोलतेय, लॉईडची बायको. सगळ्यांनी आत्ता आपापल्या छतावरचा चिमटा उघडून बघा. चढवत नसेल तर शेजाऱ्याला बोलवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या बहिणीवर ठेवू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि यापुढे कुणी म्हणालं की तुमची श्रद्धा कमी पडली, तर रडत बसू नका माझ्यासारखं. त्याला आधी विचारा, माझ्या छतावर कशाला चढला होतास?"