सहावं खोकं

क्षिप्राच्या पलंगावर बुटांची सहा खोकी होती. आडवी ठेवलेली, तिनांवर तीन, उघडी बाजू समोर. पाचांत एकेक जण बसवलेला होता: दोन बाहुल्या, एक कापडी हत्ती, एक अस्वल आणि एक हात नसलेला रोबो. सहावं खोकं रिकामं होतं.

"सोसायटी केलीय तिनं," क्षिप्राची आई, माझी बहीण हेमांगीताई म्हणाली. "फ्लॅट्स आहेत ते."

रिकामा फ्लॅट कुणाचा, असं मी क्षिप्राला विचारलं.

"सुरुचीचा. ती उठून गेली."

सुरुची खालच्या मजल्यावर राहते. दोघी सात वर्षांच्या, एकाच शाळेतल्या, आणि मयूर विहारच्या त्या इमारतीत मराठी बोलणाऱ्या मुली एवढ्या दोनच. गेल्या शनिवारी सुरुची आपला मासा मेल्याचं सांगायला वर आली होती. मासा पाण्यावर उलटा तरंगत होता, इथपर्यंत ती पोचली, तेवढ्यात क्षिप्रा म्हणाली, "एक मिनट, एक मिनट. आप मुद्दे से भटक रही हैं." सुरुचीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. क्षिप्राने हत्तीकडे वळून सांगितलं, "इनका माइक बंद कीजिए."

सुरुची रडत घरी गेली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, की थोडे दिवस दोघींना एकत्र खेळायला नको. तेव्हापासून संध्याकाळी क्षिप्रा बाल्कनीत उभी राहून खाली सुरुचीला स्केटिंग करताना बघत असे. एकदा ती खाली गेली आणि लगेच परत आली.

"माझ्याशी बोलतच नाही ती," क्षिप्रा म्हणाली. "मी तिला टाइम देत होते, तरी."

विश्वनाथ भावोजी केंद्र सरकारात अवर सचिव आहेत. त्यांनी प्रकरण हाती घेतलं. कारण शोधायचं, उपाय करायचा, आठ दिवसांनी रिव्ह्यू. कारण त्यांना माहीतच होतं.

"कार्टून. दिवसभर एकमेकांच्या डोक्यात हातोडे घालतात. पोरं बिघडणार नाहीत तर काय?"

"पण तिने कुणाला मारलेलं नाही, भावोजी."

"अजून नाही," ते म्हणाले. "तू माकडांवर एम.एस्सी. केलीयस ना, देवयानी? मग हे एक बघ. लक्ष ठेव."

मुलांच्या सगळ्या वाहिन्यांना कुलूप लागलं. पिन अण्णासाहेबांच्या जन्माचं साल. अण्णासाहेब म्हणजे भावोजींचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते चर्चेचे कार्यक्रम बघतात. आधी क्षिप्रा त्यातलं फक्त जेवताना जे कानावर पडेल तेवढं ऐकायची. आता तिला दुसरं काही बघायला उरलं नव्हतं, त्यामुळे ती पूर्ण वेळ आजोबांच्या शेजारी बसू लागली.

"बसू दे," अण्णा म्हणाले. "हे शैक्षणिक आहे. जगात काय चाललंय ते कळतं पोरीला."

रिव्ह्यूच्या दिवशी शाळेतून निरोप आला. क्षिप्राने वर्गातल्या एका मुलाला डब्यात काय आहे ते विचारलं होतं, आणि तो सांगायला लागल्यावर 'हाँ या ना में जवाब दीजिए' असं म्हणून त्याचा डबा बंद केला होता.

"कार्टूनचा परिणाम उतरायला वेळ लागतो," भावोजी म्हणाले.

त्याच संध्याकाळी जेवताना मी टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर सहा चौकटी होत्या, तिनांवर तीन. पाचांत पाच माणसं एकाच वेळी बोलत होती. सहावा पाहुणा चिडून निघून गेला होता आणि त्याची रिकामी खुर्ची दिसत होती.

मी पलंगाकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग दारातून आतल्या खोक्यांकडे.

"म्हणजे आता बातम्यासुद्धा बघायच्या नाहीत?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, तिचं म्हणणं असं..." भावोजींनी सुरुवात केली.

"मला पूर्ण करू दे. या घरात माझंच बघणं..."

"तुमचंच कुठे?" ताई म्हणाली. "आवाज वाढवा, आवाज वाढवा, हे कोण म्हणतं रोज?"

"मी? एक उदाहरण दे," भावोजी म्हणाले.

"काल."

"काल मी घरी होतो कुठे? यार, काल मीटिंग..."

"विषय बदलू नका."

क्षिप्रा पोळीचा तुकडा हातात धरून एकेकाकडे बघत होती. "समय बहुत कम है," ती म्हणाली. "मावशी, आपका आखिरी सवाल."

मी विचारलं, की आठ दिवस हा कार्यक्रम बंद ठेवून बघता येईल का.

"बघ," अण्णा म्हणाले. "पण फरक पडला नाही, तर पुढे रोज माझ्याशेजारी बसून पूर्ण चर्चा बघायचीस."

"बिल्कुल," मी म्हणाले.

टीव्ही बंद झाला. पहिले दोन दिवस क्षिप्रा हत्तीवर तशीच ओरडत राहिली. नंतर खोकी पलंगाखाली गेली आणि हत्ती उशीवर आला. आठवडा संपता संपता जेवताना तिने मला विचारलं, "मावशी, तुझं झालं? मग मी बोलू?" हे बाकी कुणी ऐकलं नाही. तिघं वीजबिलावर बोलत होती.

रविवारी ती आपणहून खाली गेली. मी जिन्यात होते.

"काकू, मी तिचा माइक बंद नाही करणार," तिने सुरुचीच्या आईला सांगितलं.

काकूंनी सुरुचीला हाक मारली. मग म्हणाल्या, "अर्धा तास. रडत आली तर पुन्हा नाही."

सुरुची वर आली आणि थेट पलंगावर बसली. बाहेरच्या खोलीत रिव्ह्यू सुरू झाला होता. फरक नक्की कशाने पडला, कार्टून बंद केल्याने की चर्चा बंद केल्याने, आणि हे आधी कोण म्हणालं होतं, असा विषय होता. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिले. तिथून दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

मासा मेल्याचं सांगायला सुरुचीला अकरा मिनिटं लागली, त्याला कुठल्या कुंडीत पुरलं ते धरून. तेवढ्या वेळात क्षिप्राने तिचं बोलणं एकदाच तोडलं, माशाचं नाव विचारायला. बाहेरच्या खोलीत, टीव्ही बंद असताना, त्याच अकरा मिनिटांत तिघांनी एकमेकांचं बोलणं सत्तेचाळीस वेळा तोडलं.